रेशमावर पॉलिमर चढवताना

कच्च्या रेशमाच्या वजनात साधारण पाव हिस्सा सेरिसिनचा, म्हणजे डिंकाचाच असतो. सोडियम कार्बोनेटच्या सौम्य द्रावणात उकळलं की तो सुटतो आणि फायब्रॉइनचे मऊ, चकचकीत तंतू उरतात. वजन मात्र तेवढं घटतं. ही तूट भरायला एकेकाळी रेशमावर कथिलाचे क्षार चढवत. कापड भारदस्त वाटायचं आणि पुढे घड्यांवर फाटायचं. ग्राफ्टिंग हा त्याला दुसरा मार्ग: त्यात पॉलिमरची, म्हणजे छोटे रेणू जोडून बनलेली लांब साखळी थेट तंतूला रासायनिक बंधाने जोडायची असते.

मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा रेणू, म्हणून मी मिथाइल मेथाक्रिलेट घेतलं. बाटलीतल्या बाटलीत त्याचं पॉलिमर होऊ नये म्हणून त्यात निरोधक घातलेला असतो. तो आधी कॉस्टिकच्या पाण्याने धुऊन काढला. मग रेशीम, पाणी, मोनोमर, इनिशिएटर (साखळी सुरू करणारा) म्हणून पोटॅशियम परसल्फेट, आणि सतत नायट्रोजन, कारण ऑक्सिजन साखळी वाढवणारी मुक्तमूलकं (फ्री रॅडिकल्स) गिळून टाकतो. हे सगळं फ्यूम हूडमध्येच, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात. वास डोक्यात जातो. तापवल्यावर थोड्या वेळात द्रावण दुधाळ झालं. दिसायला छान, पण तो दुधाळपणा म्हणजे रेशमाला न चिकटता पाण्यातच तयार झालेला होमोपॉलिमर, म्हणजे नुसत्या मोनोमरच्या सुट्या साखळ्या. तो तंतूंवरही बसतो, त्यामुळे सुरुवातीचं वाढलेलं वजन फसवं असतं.

खरं काम इथून पुढे. सॉक्सलेटमध्ये (ताज्या द्रावकाने पुन्हापुन्हा धुणारं काचेचं उपकरण) होमोपॉलिमर विरघळवणाऱ्या ॲसिटोनने रात्रभर धुलाई केली आणि वजन बऱ्यापैकी उतरलं. त्यात रेशीम ओलावा ओढतं, दमट हवेत दहा टक्क्यांच्याही वर. ओव्हनमधून काढलेला नमुना तराजूवर ठेवला की आकडा डोळ्यांदेखत चढत जातो! म्हणून डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून झाकणाच्या बाटलीतच वजन करायचं.

एफटीआयआरमध्ये, म्हणजे अवरक्त किरणांच्या तपासणीत, १७३० सेमी⁻¹ च्या आसपास या पॉलिमरमधल्या एस्टर गटाचं शिखर दिसलं की सगळे खूश होतात. माझ्या मते ते अर्धवट आहे. त्यातून पॉलिमर आहे एवढंच कळतं, जोडला गेलाय हे नाही. म्हणून साधं रेशीम तयार पॉलिमरच्या द्रावणात बुडवून, वाळवून, तेही तसंच ॲसिटोनने धुतलं. त्यातलं शिखर गेलं, ग्राफ्ट केलेल्यात राहिलं. तेव्हा कुठे मला पटलं.

वजनवाढ जास्त झालेले नमुने हाताला तारेसारखे कडक लागतात. कापडासाठी मेथाक्रिलअमाइड हा दुसरा मोनोमर बरा: त्याचा होमोपॉलिमर गरम पाण्याने निघतो आणि रेशमाची ओलावा धरायची सवयही टिकते. पुढचे नमुने त्याचेच लावलेत.