पाच मात्रा आणि चोर्ला घाट

रविवार, दुपार.

पहाटे चोर्ला घाटात एवढं धुकं होतं की मित्रानं कणकुंबीपर्यंत गाडी जवळजवळ चालवत नाही, ढकलत आणली. जांबोटीला चहा घेतला तेव्हा कुठं डोळे उघडले. घरी आलो तर आई दारात रांगोळी काढत होती. "गोव्याला जाऊन शुद्धीत परत येणारा तू एकटाच," म्हणाली. पणजीला मी जॅझ ऐकायला जातो हे आमच्या गल्लीत अजून कुणाला पटलेलं नाही.

बेळगावात राहून हा नाद करायचा म्हणजे ऐकणं कमी, प्रवासच जास्त. पणजी सव्वाशे किलोमीटर, पुणे साडेतीनशे, बेंगळुरू पाचशे. माझी निम्मी कॉन्सर्टं रात्रीच्या बसमध्ये, मान अवघडलेल्या अवस्थेतच आठवतात.

नाद लावला बाबांनी, त्यांना न कळत. ते शहापूरच्या एका भजनी मंडळात तबला वाजवतात. कॉलेजात असताना मित्राकडून पिंक फ्लॉइडची कॅसेट आणली होती. १९७३ च्या त्या ध्वनिमुद्रणात 'मनी' सुरू झालं आणि बाबा आतून ओरडले, "हा रूपक आहे की रे!" मोजलं तर रूपकाच्या सातच मात्रा. सॅक्सोफोन सातातच वाजला, बाबा दारात येऊन उभे. मग गिटार चार मात्रांत शिरली तसे ते मागं फिरले. "सोडला ताल," एवढंच बोलले. पुढं गाणं परत सातावर येतं, पण तोवर ते आंघोळीला गेले होते.

तेव्हापासून माझा हात गप्प बसत नाही. मांडीवर ताल मोजणं चालूच: टाळी, खाली, बोटं. कुठंही.

२०१६ च्या डिसेंबरात पुण्याला स्टीव्हन विल्सन हा इंग्लंडचा रॉकवाला ऐकला. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता, आईनं डाळीच्या डब्यातल्या शंभराच्या नोटा काढून दिल्या. थंडी, धूळ, आणि सगळी पोरं केस उडवत मान हलवताहेत. माणूस मात्रा बदलतो, पोरांची मान बदलत नाही. मी मधेच उभा, हात पँटला चिकटवून मोजतोय, जणू खिशातले पैसे तपासतोय. शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, ठीक आहात ना?" तिशी पण ओलांडली नव्हती हो माझी! लाज वाटली. हात खिशात घातला आणि खिशातच मोजलं.

ती लाज गेली बेंगळुरात, जानेवारी २०२३ ला. जॅझ आणि आपलं रागसंगीत एकत्र वाजवणाऱ्या 'शक्ती' या बँडला पन्नास वर्षं झाल्याचा दौरा होता. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, एक्क्याऐंशीचे, बाजूला झाकीर हुसेन, शंकर महादेवन, गणेश राजगोपालन, सेल्वगणेश. मी स्टेजपेक्षा शेजारीच जास्त बघत होतो. अख्खीच्या अख्खी रांग मांडीवर ताल धरून! उजवीकडे रेशमी साडीतल्या एक आजी. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट, टाळी, मग हात उलटा, पुन्हा टाळी, पुन्हा उलटा. आदिताल, आठ. खंजिरीवर सेल्वगणेश काहीतरी वेडंवाकडं करून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आले आणि आमचे दोघांचे हात एकदमच पडले. आजींनी माझ्याकडे पाहून विचारलं, "याव ऊरु?" कुठलं गाव? "बेळगावी," मी म्हटलं. "अदक्के!" म्हणजे, तरीच! तरीच काय, ते काही सांगितलं नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीच्या कुमार गंधर्वांमुळं म्हणत असतील असं मी आपलं समजून घेतलं.

पुढच्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले. त्या रात्री बाबांनी तबल्यावरची गवसणी काढली नाही.

आता कालचं. छोटा हॉल, साठ-सत्तर माणसं, चौघांचा बँड. शेवटी 'टेक फाइव्ह' हे जॅझमधलं पाच मात्रांचं गाणं वाजवलंच, ते कुणाला चुकत नाही. १९५९ चं, पॉल डेस्मंडचं. त्यात ड्रमवाल्याची पाळी आली की पियानो पाच-पाच मात्रांचं एक तेच ते आवर्तन धरून ठेवतो, म्हणजे सरळ आपला लेहराच. काल पियानोवाल्यानं मधेच लेहरा सोडला. ड्रमवाला एकटा. हॉल चिडीचूप. मी मोजतोय, छाती फुगलेली, कारण इथं दुसरं कुणी मोजत नसणार. शेवटी सगळे एकत्र येऊन पडले तेव्हा माझा हात दोन मात्रा मागं होता. सरळ चुकलो. शेजारची गोंयकार बाई मात्र बरोब्बर टाळी देऊन मोकळी; ती आख्खा वेळ काजू खात होती.

सकाळी बाबांना हे सांगितलं.

"मात्रा किती?"

"पाच."

"मग झपतालाचा अर्धा. धी ना, धी धी ना." हातातल्या स्टीलच्या पेल्यावर वाजवूनही दाखवलं.

"तसं नाही. दोन-तीन नाही, तीन-दोन आहे."

थांबले. पेला खाली ठेवला, पाटावर बोटं टेकवली. "धी धी ना, धी ना." एकदा अडखळले. पुन्हा. मी वरून ती सुरावट गुणगुणली. तिसऱ्या आवर्तनाला ते माझ्या पुढं निघाले आणि मला म्हणाले, "लय धर की रे, ढिला पडलास." आत दूध उतू गेलं. आईनं आम्हा दोघांनाही हाक मारली नाही, गॅस तेवढा बंद केला.