आमची वाटचाल : फौंड्रीच्या पॅटर्नपासून माळावरच्या विमानापर्यंत

आज आम्ही रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल विमानांची, घरी जोडायची किट बनवतो. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या वडिलांचं, आबांचं, पॅटर्नचं दुकान होतं. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी वाळूत साचा उठवावा लागतो. त्यासाठी लाकडात वस्तूची हुबेहूब नक्कल करतात, ती पॅटर्न. सागवान, रंधा, पटाशी, कानस, पॉलिश पेपर यांच्यातच माझं लहानपण गेलं. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढं मोठं करायचं. आबांकडे त्यासाठी वेगळी, श्रिंकेजची पट्टी होती, ती आम्ही शाळेच्या दप्तरात घातली की मार बसायचा. पॅटर्न दुकानाबाहेर पडण्याआधी आबा ते तीनदा मोजायचे. “वाळूत गेल्यावर मला बोलावून उपयोग नाही,” म्हणायचे.

२००१ साली मी नोकरीसाठी पुण्यात गेलो. रविवारी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाबाहेर उभा राहायचो. विंचच्या दोरानं ग्लायडर वर खेचला जायचा, दोर सुटायचा आणि मग ते धूड आवाज न करता फिरत राहायचं. तिथंच ओळख झालेल्या एका गृहस्थांनी मला मॉडेल विमानं उडवणाऱ्यांकडे नेलं. तेव्हा मेथेनॉल आणि एरंडेल तेलावर चालणारी छोटी ग्लो इंजिनं होती. जळक्या एरंडेलाचा वास शर्टाला धुतल्यावरही राहायचा. विमान चालवायचे रेडिओ, म्हणजे हातातले रिमोट, क्रिस्टलवाले. दोघांची फ्रिक्वेन्सी एक निघाली आणि दुसऱ्यानं रेडिओ चालू केला की हवेतलं विमान गेलंच. म्हणून मैदानात एका फळीवर कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले असायचे, प्रत्येकावर फ्रिक्वेन्सीचा आकडा. तो चिमटा आपल्या अँटेनाला लागल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. पहिले तीन रविवार मी विमान उडवलंच नाही, चिमटे सांभाळले.

२००६ मध्ये आबांची तब्येत बिघडली आणि मी परत आलो. पॅटर्नचं काम कमी होत चाललं होतं, सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, ॲल्युमिनियमची पॅटर्न निघायला लागली होती. दुकानात हत्यारं होती, बाक होता, हाताला लाकडाची सवय होती. २००८ च्या दिवाळीत आम्ही पहिली पाच किट कापली, जिगसॉवर, हातानं. पाचही किट पुण्यातल्या ओळखीच्या लोकांनी घेतली. आबांनी ती तीनदा मोजली.

आमचं मुख्य किट आजही तेच आहे, फक्त सुधारत गेलं. पंख वरच्या बाजूला असलेलं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं, विमान, पंखाचा पसारा १४०० मिमी, रुंदी २२० मिमी, तयार झाल्यावर वजन सव्वा किलोच्या आसपास. सांगाडा बाल्सा या अगदी हलक्या लाकडाचा आणि पॉप्लर प्लायचा. बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. हे लाकूड घेताना डोळ्यांवर विश्वास ठेवून चालत नाही, काटा लागतो. १०० मिमी रुंद, एक मीटर लांब आणि ३ मिमी जाड अशी एक शीट ३० ग्रॅम भरते, तर त्याच गठ्ठ्यातली दुसरी ६० ग्रॅम. आमच्याकडे प्रत्येक शीट वजन करून तिच्यावर पेन्सिलीनं आकडा घालतात. हे काम पहिल्यापासून माझ्या पत्नीकडे आहे, तिला आता हातात घेतल्यावरच कळतं. हलकी शीट शेपटीला, कडक शीट पंखाच्या स्पारला, म्हणजे आतल्या कण्याला. शेपूट लांब असते, तिथं एक ग्रॅम वाढला तर तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. जड शेपटीचं किट विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला शिसं विकत घ्यायला लावणं.

सुरुवातीला लेझर कटिंग आम्ही ॲक्रिलिकच्या नेमप्लेट करणाऱ्या एका शेजाऱ्याकडून जॉबवर करून घ्यायचो. २०१३ मध्ये कर्ज काढून स्वतःचं मशीन घेतलं. त्याच सुमाराला आमची सगळी गिऱ्हाइकं फ्रिक्वेन्सी जुळायची भीती नसलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर आली, चिमट्यांची फळी गेली, ग्लो इंजिनं जाऊन ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी आल्या. धंदा वाढला. महिन्याला दहा किट जायची तिथं चाळीस जायला लागली. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या एरो डिझाइन स्पर्धेसाठी सुटे भाग कापून न्यायला लागली.

आणि त्या वाढीतच आमच्या हातून चूक झाली. ती इथं लिहायलाच हवी.

२०१४ साली सर्व्होचा, म्हणजे विमानाच्या हलत्या पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा, नेहमीचा माल संपला म्हणून एका तुकडीत आम्ही दुसऱ्या बनावटीचे सर्व्हो घातले. मापं तीच, वजन तेच, नऊ ग्रॅम. पण त्यांची फिरण्याची दिशा उलटी होती. ती रेडिओवर उलटवता येते, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ते करा असं आमच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं होतं, अकराव्या पानावर, एका ओळीत. कॉलेजातल्या एका मुलानं ते किट इतकं सुबक जोडलं होतं की पुढं मी ते पाहिलं तेव्हा मला गहिवरून आलं. पण एलेरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखामागच्या पट्ट्या, उलटे राहिले. विमान जमिनीवरून उठलं, वाऱ्यानं उजवीकडे कललं, त्यानं स्टिक डावीकडे दिली आणि विमान आणखी उजवीकडे वळलं. त्यानं आणखी स्टिक दिली. चार सेकंदांत ते मोटारसायकलींजवळ उभ्या असलेल्या त्याच्या धाकट्या भावाच्या अंगावर आलं. दंडाला सात टाके पडले.

दहा इंची प्रोपेलर मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटरच्या वर असतो. दंडाच्या जागी डोळा असता तर? मी त्यांच्या घरी गेलो. मुलाच्या आईनं चहा केला आणि एवढंच विचारलं, “तुम्ही हे विकताना सांगितलं नव्हतं का?” सांगितलं होतं, अकराव्या पानावर. ते तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दवाखान्याचा खर्च आम्ही दिला, त्या तुकडीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले, एकेकाशी बोलून फोनवरच दिशा तपासून घेतली. नंतर दीड महिना विक्री बंद ठेवली आणि पुस्तक नव्यानं लिहिलं. आता पहिल्या पानावर एकच मोठं चित्र आहे. विमानाच्या मागं उभं राहा, एलेरॉनची स्टिक उजवीकडे दे, उजवा एलेरॉन वर उठलाच पाहिजे आणि डावा खाली. नाक वर-खाली करणाऱ्या एलिव्हेटरची स्टिक आपल्याकडे ओढ, शेपटीची आडवी पट्टी वर. रडरची स्टिक उजवीकडे तर शेपटीची उभी पट्टी उजवीकडे. हे जमेपर्यंत प्रोपेलर बसवायचा नाही. प्रोपेलर आम्ही आता वेगळ्या सीलबंद पाकिटात देतो, त्यावर लिहिलेलं असतं : शेवटी उघडा.

बाकी जोडणीत मी दोन गोष्टींवर अडून बसतो. एक तोल. बॅटरीसकट पूर्ण विमान पंखाखाली दोन बोटांवर उचलायचं, पुढच्या कडेपासून ६० मिमीवर. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपूट झुकली तर उडवायचं नाही. बॅटरी पुढं सरकवून जमतं का बघायचं, नाही जमलं तर नाकात वजन. शेपटीकडे जड विमान इतकं चंचल होतं की अनुभवी हातालाही ते आवरत नाही. दुसरी गोष्ट डिंक. फोमच्या भागांवर साधं फेविक्विक लावलं की फोम विरघळतो, तरी दर महिन्याला कुणीतरी लावतंच. नाकातल्या मोटरच्या फळीला मात्र एपॉक्सीच हवी, आणि ती सुकायला पाच मिनिटं लिहिलेली असली तरी मी रात्रभर ठेवायला सांगतो. सगळा ओढा त्या एका फळीवर असतो.

बॅटरीबद्दल थोडं कडक बोलतो मी, माफ करा. तीन सेलची बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट, म्हणजे प्रत्येक सेल ४.२. २२०० एमएएचची असेल तर २.२ अँपिअरनंच चार्ज करायची, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स चार्जरवर, फरशीवर, जवळ वाळूची बादली ठेवून. गादीवर चार्जिंगला लावून झोपायचं नाही. उडवून आल्यावर दोन-तीन दिवसांत परत उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी ती गेली. कुरिअरवाले लिथियम बॅटरी विमानानं घेत नाहीत, त्यामुळे आमच्या बॅटरी ट्रान्सपोर्टनं, रस्त्यानं जातात. नागपूरच्या गिऱ्हाइकाला किट दोन दिवसांत मिळतं आणि बॅटरीला आठवडा लागतो, त्यावरून भांडणं होतात. होऊ देत.

त्या अपघातानंतर आम्ही आणखी एक ठरवलं. पहिलं उड्डाण आमच्याबरोबर, फुकट, येऊ शकणाऱ्या प्रत्येकाचं. शहरापासून लांब एका गावाच्या माळावर जागामालकाची परवानगी आहे, पोलीस पाटलांना माहिती आहे. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम आले, तेव्हापासून निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा, कुठं उडवता येतं ते दाखवणारा नकाशा पाहणं हा रिवाजच आहे. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवता येतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ते २०० फुटांवर येतं, आणि उजळाईवाडीचा विमानतळ आम्हा कोल्हापूरकरांना जवळच आहे. नजरेच्या टप्प्याबाहेर तर न्यायचंच नाही.

गेल्या डिसेंबरात इचलकरंजीहून एक मुलगी वडिलांबरोबर आली होती, नववीतली. विमान तिनं एकटीनं जोडलं होतं, वडिलांनी फक्त इस्त्री धरून सांगाड्यावरची प्लॅस्टिकची फिल्म ताणली होती. सकाळी सात, गवत ओलं, वारा पश्चिमेकडून हलका. आधी रेडिओ चालू, मग विमानाची बॅटरी, उतरवल्यावर याच्या उलट. रेडिओ रेंज चेकला, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीवर, टाकून ती तीस पावलं मागं गेली, सर्व्हो हलत होते. त्याआधी प्रोपेलर काढून रेडिओ बंद केला आणि मोटर आपोआप थांबते की नाही हेही बघितलं होतं. दोन रेडिओ ट्रेनर मोडवर जोडले. माझ्या रेडिओवरचं बटण मी दाबून ठेवीन तोवर विमान तिचं, सोडलं की माझं.

वाऱ्याच्या तोंडाला धरून मी विमान उठवलं, दीडशे फुटांवर नेलं आणि तिला दिलं. जाताना तिनं सुंदर सरळ नेलं. वळून विमान आमच्याकडे यायला लागलं आणि तिचा आवाज बदलला.

“काका, उलटं झालं सगळं!”

“उलटं नाही झालं, तुझ्याकडं येतंय म्हणून वाटतंय. कुठला पंख खाली गेलाय?”

“हा, उजव्या हाताचा.”

“मग स्टिक तिकडंच दे. पडणाऱ्या पंखाला टेकू दिल्यासारखी.”

तिनं दिली आणि पंख समपातळीत आले. मी बटणावरचं बोट काढलं नाही. सात मिनिटांचा टायमर वाजला तेव्हा तिनं स्वतःच विचारलं, “उतरवू?” मी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, कमी करायला सांगितलं. नवीन माणूस उतरताना विमान खाली बसतंय असं दिसलं की एलिव्हेटर ओढतो, नाक वर जातं, वेग मरतो आणि विमान दगडासारखं पडतं. तिनंही ओढला. मी बटण सोडलं, नाक खाली केलं, थोडा थ्रॉटल दिला, एक चक्कर मारून परत तिला दिलं. दुसऱ्या वेळी तिनं वेग सांभाळला, चाकं गवताला लागेपर्यंत नाक फार उचललं नाही. वडील लांब उभे होते, आम्ही आखलेल्या दोरीच्या मागं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसला.

मधल्या काळात वाईट दिवसही आले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सखल भागातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत पाणी शिरलं. सगळा बाल्सा भिजला, सुकल्यावर केळीच्या पानासारखा वाकडा झाला, त्यातला एक तुकडाही विकला नाही. पुढं टाळेबंदीत वर्षभर माळ रिकामा होता. आबा २०२० मध्ये गेले. त्यांची श्रिंकेजची पट्टी लेझर मशीनच्या वर टांगलेली आहे, तिचा आम्हाला कामात उपयोग नाही.

आमच्याकडे विमान हरवण्याचं मोठं कारण ऊस. डोक्यावर वाढलेल्या उसात शिरलं की दहा फुटांवर असलं तरी दिसत नाही, हात पाचटानं ओरबाडून निघतात. म्हणून आता प्रत्येक किटमध्ये शिट्टी देणारा बझर असतो. तो नव्हता तेव्हा, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, माझंच प्रात्यक्षिकाचं विमान सरळ उडता उडता अचानक नाक खाली घालून उसात गेलं. मी एलिव्हेटर पूर्ण ओढला होता. दोन दिवस शोधलं. रेडिओ, बॅटरी, माझा हात, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कारण सापडेना, तरी तेच किट मी विकत होतो आणि रात्री झोप लागत नव्हती.

जानेवारीत ऊसतोड टोळीतल्या एका बाईंना ते सापडलं. पंखावरच्या स्टिकरवरचा नंबर पाहून मुकादमानं फोन केला. फिल्म फाटलेली, बाल्साला वाळवी लागलेली, बॅटरी फुगलेली. सर्व्हो काढून एकेक टेस्टरला लावले. चारातले तीन फिरले. चौथा एलिव्हेटरचा होता. उघडला तर आतल्या प्लॅस्टिकच्या गिअरचा एक दात तुटून तळाशी पडला होता. त्या आठवड्यापासून आम्ही एलिव्हेटरला मेटल गिअरचा सर्व्हो देतो आणि आधी किट नेलेल्या ज्यांचा पत्ता लागला त्या सगळ्यांना तो पोस्टानं पाठवला.