साडेआठचा पाऊस

पावसाळ्याच्या चार महिन्यांत रोज सकाळी साडेआठ वाजता मी गच्चीवर जातो, तेथे ठेवलेल्या सरळ कडांच्या स्टीलच्या डब्यात शाळेतली पट्टी उभी धरतो आणि पाणी किती मिलिमीटर साचले ते वहीत लिहितो. डब्याचे तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे असले की घरगुती हिशेबापुरता तो पर्जन्यमापक म्हणून चालतो. हा उद्योग दोन वर्षांपूर्वी सुरू झाला तो एका वादातून. वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा आपल्याकडचा जुना विनोद जेवणाच्या पंगतीत पुन्हा एकदा झाला, मी नेहमीप्रमाणे वेधशाळेची बाजू घेतली, आणि एका मित्राने शांतपणे विचारले, ‘‘तुझ्याकडे आकडे आहेत का?’’ आकडे नव्हते.

वहीत तीन रकाने आखले: अंदाज, प्रत्यक्ष पाऊस, आणि बरोबर की चूक. पहिल्या महिन्यातच तिसऱ्या रकान्यात ‘चूक’ या शब्दाची गर्दी झाली, आणि नंतर लक्षात आले की त्यांतल्या पुष्कळ चुका माझ्याच होत्या. पहिली चूक तारखेची. भारतात पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि साडेआठलाच संपतो, कारण जगभर एकाच वेळी निरीक्षणे घेण्यासाठी ग्रिनिचच्या घड्याळाप्रमाणे ज्या वेळा ठरल्या आहेत, त्यांपैकी पहाटे तीनची वेळ आपल्याकडे साडेआठला येते. म्हणून १४ जुलैच्या संध्याकाळी कोसळलेली सर १५ जुलैच्या नोंदीत जमा होते. अंदाजाच्या तक्त्यात मात्र ‘१४ जुलै’ म्हणजे १४ च्या सकाळपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा काळ. मी दोन्हीकडची तारीख तेवढी जुळवत होतो, आणि त्यामुळे एका दिवसाचा अंदाज भलत्याच दिवसाच्या पावसाशी ताडून पाहत होतो.

दुसरी चूक शब्दांची. हवामान विभागाच्या पत्रकातले शब्द बोलीतले वाटतात, पण त्यांना मोजमाप चिकटलेले असते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत. ‘मुसळधार’ची सुरुवात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून होते, ‘अति मुसळधार’ची ११५.६ पासून, आणि २०४.५ च्या पुढे त्याहून वरची पायरी. (महसूल खात्याची नुकसानभरपाईसाठीची ‘अतिवृष्टी’ ६५ मिलिमीटरला सुरू होते, म्हणजे तलाठ्याची अतिवृष्टी ही वेधशाळेच्या लेखी नुसती मुसळधार असू शकते.) आता ‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस’ हे वाक्य पुन्हा वाचावे. लोणावळ्याला ९० मिलिमीटर पडला आणि कोथरूडमध्ये माझ्या डब्याचा तळ कोरडा राहिला, तरी अंदाज अक्षरशः खरा ठरतो. मी मात्र त्या दिवसापुढे ठसठशीत ‘चूक’ लिहिले होते.

अंतराचा प्रश्न इतक्यावर संपत नाही. २६ जुलै २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच शहरात, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरची. दोन्ही आकडे मुंबईचेच. महाबळेश्वराहून पसरणीचा घाट उतरून वाईला यावे तर तासाभराच्या रस्त्यात पावसाचे जगच बदलते. अंदाज काढणारे संगणकावरचे प्रारूप (मॉडेल) वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनासाठी गणित सोडवते. त्या चौकोनाची बाजू १२ किलोमीटर असेल, तर सह्याद्रीची धार त्यात बोथट होऊन एखाद्या पसरट उंचवट्यासारखी उरते, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस थोडा पूर्वेकडे सांडतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत तयार झालेली, मे २०२५ मध्ये कामाला लागलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही बाजू ६ किलोमीटरवर आणते. तेवढ्याने वाई आणि महाबळेश्वर नक्कीच वेगळे दिसू लागतात. माझी गच्ची आणि पलीकडच्या सोसायटीची गच्ची अर्थातच नाही.

नकाशे वाचायला शिकताना सगळ्यांत मोठी फजिती माझी स्वतःचीच झाली. मागच्या वर्षी जूनमध्ये कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक नकाशा आला: कोकण किनाऱ्यावर गडद जांभळा पट्टा, त्याच्या कडेने लाल. मी तो घाईघाईने रत्नागिरीच्या आत्याला पाठवला आणि पाठोपाठ फोनही केला. सायंकाळी तोच नकाशा मोठा करून पाहिला, तेव्हा कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत तो पुढच्या दहा दिवसांच्या एकूण पावसाचा असल्याचे दिसले. दहा दिवसांत ४०० मिलिमीटर म्हणजे जूनअखेरच्या रत्नागिरीला अगदी नेहमीचा पाऊस. आत्या म्हणाल्या, ‘‘मग त्यात काय सांगायचं, पाऊस तर पडणारच की!’’ तेव्हापासून रंगांकडे पाहण्याआधी मी तीन गोष्टी शोधतो: नकाशा कोणत्या वेळच्या निरीक्षणांवर काढला आहे, तो कोणत्या वेळेसाठी आहे, आणि रंगपट्टीवरचा आकडा किती तासांचा आहे.

पण ज्या तक्त्याने माझी वही खऱ्या अर्थाने बदलली, तो रंगीत नकाशा नव्हताच. १९६१ च्या हिवाळ्यात एडवर्ड लॉरेन्झ यांनी अमेरिकेत हवामानाचे एक साधे गणित संगणकावर पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला, आणि काही आभासी आठवड्यांनंतरचे हवामान मूळ उत्तरापासून पूर्णपणे फटकले. सुरुवातीची निरीक्षणे कधीच निर्दोष नसतात, तेव्हा एकच उत्तर काढून त्यावर विसंबणे धोक्याचे, हे त्यातून उघड झाले. आज मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे युरोपीय केंद्र आपल्या अंदाजाचे गणित सुरुवातीच्या आकड्यांत बारीक फरक करून ५१ वेळा सोडवते. या ५१ उत्तरांचा तक्ता पाहिला की पहिल्या दोन दिवसांच्या पेट्या (पेटी जितकी उंच, तितकी उत्तरे एकमेकांपासून लांब) बुटक्या दिसतात, चौथ्या दिवशी त्या उंच होतात, आणि आठव्या दिवशी शून्यापासून ६० मिलिमीटरपर्यंत सगळेच शक्य असल्याचे दाखवणारी लांबलचक शेपटी वर गेलेली असते. मोबाइलवरचे ॲप त्या आठव्या दिवशी एक ढग, दोन थेंब आणि ‘१२ मिमी’ एवढेच दाखवते. अंदाजात जी सर्वांत मोलाची माहिती होती, म्हणजे तो स्वतःच्या अज्ञानाविषयी किती प्रामाणिक आहे, ती त्या थेंबांत विरघळून गेलेली असते.

‘बरोबर की चूक’ हा रकाना किती फसवा असतो, याचे उदाहरण तर १८८४ पासून उपलब्ध आहे. अमेरिकी सैन्याच्या हवामान सेवेतले जॉन फिनली यांनी टॉर्नेडोंचे, म्हणजे ढगातून सोंडेसारख्या उतरणाऱ्या विध्वंसक वावटळींचे, २८०३ अंदाज तपासून ते ९६.६ टक्के बरोबर असल्याचे जाहीर केले. टीकाकारांनी तोच तक्ता उलगडून दाखवला: टॉर्नेडो होणार असे शंभर वेळा सांगितले होते, त्यांपैकी २८ वेळाच तो झाला, आणि २३ वेळा तो न सांगता आला. उरलेले २६८० अंदाज ‘होणार नाही’ असे होते आणि ते खरे ठरले. रोज डोळे मिटून ‘नाही’ म्हटले असते, तरी ९८.२ टक्के गुण मिळाले असते! पुण्यात जानेवारीचा रोजचा अंदाज ‘पाऊस नाही’ असा लिहून मीही असाच विद्वान ठरू शकतो.

सगळ्या अंदाजांना एकाच तराजूत घालणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते. चक्रीवादळाच्या मार्गाच्या बाबतीत झालेली प्रगती कोणीही नाकारू नये. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली. २०१९ च्या ‘फणी’च्या आधी १० लाखांहून अधिक लोकांना हलवता आले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या ‘निसर्ग’चीही पूर्वसूचना मिळाली होती. हंगामी अंदाजाचे मात्र तसे नाही. हिमालयातल्या बर्फावरून भारतीय हवामान विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये पहिला अंदाज दिला, तेव्हापासून तो देशाच्या सरासरीभोवती घुटमळतो. २००२ मध्ये तो सामान्य पावसाचा होता आणि प्रत्यक्षात सरासरीच्या ८१ टक्केच पाऊस झाला. २०१९ मध्ये ९६ टक्के सांगितला आणि ११० टक्के पडला. २०२४ मध्ये १०६ च्या जागी १०८, म्हणजे जवळजवळ नेमका. आणि २०२३ मध्ये ९६ सांगून ९४ झाला, तो कागदावर उत्तम अंदाज. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. सोयाबीन करपत असताना देशाची सरासरी जुळली, याचे कौतुक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने कसे करावे?

माझे मामेभाऊ अण्णा निफाड तालुक्यात द्राक्षे पिकवतात. त्यांना माझ्या वहीचे हसू येते, पण गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या छाटणीनंतर, ऑक्टोबरअखेर त्यांचा फोन हमखास येतो. गेल्या वर्षी बाग फुलोऱ्यात असताना मी त्यांना पावसाचे मिलिमीटर सांगू लागलो, तर ते म्हणाले, ‘‘पाऊस राहू दे रे, पान किती तास ओलं राहील ते सांग. डावणी त्याच्यावर येते.’’ डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. मी तक्ता पाहून म्हणालो की परवा रात्री पाऊस होण्याची शक्यता ३० टक्के दिसते. ‘‘मग उद्याच फवारतो,’’ अण्णा म्हणाले. मी जरा चाचरलो. ३० टक्के म्हणजे न पडण्याचीच शक्यता जास्त, असे मी बोललोही. त्यावर त्यांनी एका फवारणीचे औषध, मजुरी आणि ट्रॅक्टरचे डिझेल यांचा खर्च सांगितला, मग एकरी माल किती निघतो आणि डावणी घडात शिरली तर त्यातला किती जातो, तेही सांगितले. भागाकार केल्यावर दिसले की त्यांच्या बागेपुरता १० टक्क्यांचा अंदाजही फवारणीला पुरेसा होता. वाळायला घातलेल्या कपड्यांसाठी मी तोच अंदाज सहज दुर्लक्षिला असता.

त्या रात्री निफाडला पाऊस झाला नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर अण्णा अंदाजाविषयी चकार शब्द न काढता द्राक्षांच्या भावाविषयी बोलत राहिले.

वहीतला तिसरा रकाना आता मी बदलला आहे. त्यात रोजच्या अंदाजातली टक्केवारी लिहितो आणि हंगाम संपला की सारख्या टक्केवारीचे दिवस एकत्र मोजतो. अंदाज विश्वासार्ह असेल, तर ३० टक्के लिहिलेल्या दर दहा दिवसांपैकी साधारण तीन दिवस डब्यात पाणी सापडले पाहिजे. दहाही दिवस कोरडे गेले तर तो भित्रा, आणि सात दिवस भिजले तर निष्काळजी. माझ्याकडे ३० टक्क्यांचे दिवस अजून फार थोडे जमले आहेत. मित्राला उत्तर द्यायला आणखी दोन पावसाळे तरी लागतील, आणि मध्यंतरी डब्याच्या तळाला गंज धरू लागला आहे, तेव्हा तोही बदलावा लागणार.