आमची वाटचाल : डाय बदलायचे दोन तास

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात दोन पॉवर प्रेस (डाय नावाच्या साच्यात पत्रा दाबून पार्ट काढायची मशीनं) टाकून सुरुवात केली तेव्हा कायझेन, म्हणजे कामात थोडी थोडी सुधारणा करत राहायची जपानी पद्धत, आम्हाला फक्त एक फॉर्म म्हणून माहिती होती. कस्टमरचं ऑडिट आलं की आदल्या रात्री बसायचं, पसाऱ्याच्या फोटोखाली 'आधी' आणि झाडून घेतलेल्या फोटोखाली 'नंतर' लिहायचं, फाइल जाड करायची. बरेच जण करतात, खोटं कशाला बोलू.

अक्कल आली ती एका डेबिट नोटनंतर. कारच्या सीटखालचं ब्रॅकेट, भोकाला बर म्हणजे पत्र्याची धारदार कोर राहिली, अख्खा लॉट परत, वर त्यांची लाइन थांबली त्याचेही पैसे आमच्या बिलातून कापले. मी शॉपवर जाऊन आरडाओरडा केला तर प्रेसवर डाय चढवणारे आमचे सेटर मामा म्हणाले, "शेठ, भोक पाडायचा पंच बोथट झालाय हे मला दुपारीच दिसलेलं, पण डाय उतरवून परत चढवायला दोन तास जातात, मग तुम्हीच ओरडता माल कुठाय म्हणून." गप्प बसलो.

मग वाचायला घेतलं. 1969 साली टोयोटात शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी हजार टनी प्रेसची डाय बदली चार तासांवरून दीड तासावर आणली, तर वरून निरोप आला की आता तीन मिनिटांत करा, आणि त्यांनी तेही केलं! युक्ती साधीच, प्रेस चालू असताना जी तयारी होऊ शकते ती आधीच उरकायची. आमच्याकडे प्रेस बंद झाल्यावर स्पॅनर शोधायला सुरुवात व्हायची.

मामांनी पॅकिंग प्लेटा लावून सगळ्या डायची उंची सारखी केली, त्यामुळे दर वेळी रॅम म्हणजे प्रेसचा वरचा दाबणारा भाग वरखाली करत बसायचं काम गेलं. बोल्ट एकाच मापाचे, ट्रॉली भंगारातल्या अँगलची. आता पंचवीस मिनिटं लागतात. तीन मिनिटांचा नाद सोडला, डाय झटपट आवळणाऱ्या हायड्रॉलिक क्लॅम्पचं कोटेशन बघितलं आणि चहा मागवला.

टोयोटा कंपनी काढणाऱ्या टोयोडा घराण्याच्या कापड विणायच्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, 1924 ची गोष्ट. आमच्या प्रेसला ती अक्कल नाही, म्हणून ऑपरेटरलाच मुभा दिली, शंका आली की थांबव. पहिल्या महिन्यात बऱ्याचदा उगाचच थांबली, मी जीभ चावून केबिनमध्ये बसलो.

कायझेन शीट आता पोरं स्वतः भरतात, पेनाने, ऑइलच्या बोटांच्या ठशांसकट. परवा ऑडिटर म्हणाला, हे नको, फॉरमॅटमध्ये टाइप करून द्या. देतो म्हटलं.