ब्लायला हिंदी येत नव्हतं, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, की ज्याला हिंदीचा गंध नाही त्या अमेरिकन कवी रॉबर्ट ब्लायचा कबीर तुम्ही कसला डोक्यावर घेऊन नाचता.

नव्हतं येत. त्याने लपवलंही नाही. रवींद्रनाथ ठाकूरांनी 1915 साली इंग्रजीत आणलेला कबीर घेतला, त्यातली जुनाट इंग्रजी फेकली आणि आपल्या अमेरिकन बोलीत परत लिहिला. पण तेवढंच धरून बसू नका ना. मिनेसोटातल्या शेतकऱ्याचा हा पोरगा 1956 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर नॉर्वेला जातो, तिथल्या लायब्ररीत त्याला चिलीचा कवी नेरुदा पुस्तकांतून भेटतो, आणि हे सगळं आपल्या देशात पोचलंच कसं नाही म्हणून चिडून परत येतो नि 1958 मध्ये मित्राबरोबर 'द फिफ्टीज' नावाचं कवितेचं नियतकालिक काढतो, दशक बदललं की नाव बदलायचं, मग सिक्स्टीज, सेव्हन्टीज. 1968 मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं तर ते पैसे व्हिएतनामची सक्तीची भरती नाकारणाऱ्या पोरांच्या चळवळीला देऊन टाकले. त्याच्या पुरुषपणावरच्या 'आयर्न जॉन' या पुस्तकावर मी बोलणार नाही, जंगलात ढोल बडवणारे पुरुष म्हटलं की मलाही कसंतरीच होतं.

हे सगळं मला तोंडपाठ आहे कारण त्याने एक गोष्ट झाकता येते.

आमच्याकडे महिन्यातून एकदा कवितावाचन असतं. एकदा मी ब्लायच्या कबीराचं मराठी करून वाचलं, लोकांनी वा वा केलं, मी फुगलो. मागच्या खुर्चीवर एक भजनी आजोबा होते, ते हात जोडून म्हणाले, "छान आहे हो. आता मूळ पद म्हणा की." मला येईना. "बरं, कुमारांनी गायलंय का हे? पहिली ओळ तरी?" अत्यंत प्रेमाने विचारत होते, टोमणा अजिबात नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणजे हिंदीतून इंग्रजीत, इंग्रजीतून इंग्रजीत, तिथून मराठीत, आणि मी पहिल्या पायरीवर कधी पाय ठेवलाच नव्हता. ब्लायला निदान बनारस लांब होतं, मला काय झालं होतं?

घरी येऊन रात्रभर शोधलं. पद क्षितिमोहन सेनांच्या संग्रहात निघालं, ठाकूरांनी तिथूनच घेतलेलं. पण सेनांनी गोळा केलेली बरीच पदं जुन्या पोथ्यांत नाहीतच म्हणतात. झालं! मला आनंदच झाला, म्हटलं बघा, मूळ मूळ म्हणता ते तरी कुठंय. मग सकाळी वाटलं, हा वकिली युक्तिवाद झाला, आजोबांनी पोथी कुठे मागितली होती, त्यांना फक्त चाल हवी होती.

तरी ब्लायचा कबीर मला आवडतो. काय करू?

पुढच्या महिन्यात आजोबा परत आले. मी मुद्दाम ब्लायने इंग्रजीत आणलेला स्वीडिश कवी ट्रान्सट्रोमर वाचला, म्हटलं स्वीडिश ब्लायला येत होतं, इथे कुणी बोट ठेवणार नाही. मला येत नाही ते वेगळं. आजोबांनी या वेळी मूळ विचारलं नाही.