टेंटवरची बुरशी काढताना

आमच्या चुलतभावाने जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला माझा टेंट नेला आणि पावसात भिजलेला तसाच गुंडाळून आणून दिला, आईने तो थेट माळ्यावर टाकला. दिवाळीनंतर हरिश्चंद्रगडला जायचं म्हणून काढला तर पिशवी उघडताच असा कुबट भपकारा आला की बास. आउटरला, म्हणजे पाऊस अडवणाऱ्या वरच्या कापडाला, आतल्या बाजूने शिलाईच्या कडेकडेने मिरपूड सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि घड्या होत्या तिथे हिरवट लव.

विचारलं तर कोणी म्हणे ब्लीच टाक, कोणी म्हणे मशीनला लाव. दोन्ही नको हो! ब्लीचने नायलॉनचा धागा कमजोर होतो आणि मशीनमध्ये पिळवटून आतलं पीयू कोटिंग (पाणी अडवणारा पातळ थर) नि सीम टेप (शिलाईवर चिकटवलेली पट्टी) सुटायला लागते, मग बुरशी गेली तरी गळका टेंट घेऊन बसा.

मी तो गच्चीत नेला, मास्क लावला आणि कोरड्या मऊ ब्रशने लव झाडली, हे घरात करू नका, ती धूळ सगळीकडे उडते. मग किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच पाणी स्प्रे बाटलीत. आधी एका कोपऱ्यावर मारून बघितलं, रंग नाही गेला, मग सगळीकडे मारून अर्धा तास ठेवलं आणि गार पाण्यात स्पंज बुडवून पुसून काढलं, शिलाईला जुना टूथब्रश पण हलक्या हाताने कारण कोटिंग तिथेच पहिलं निघतं. ठिपके फिके झाले, पूर्ण गेले नाहीत. बुरशी मेली तरी रंग कापडात राहतो, त्याच्यासाठी घासत बसू नका.

खरा वेळ वाळवण्यात गेला. कडक उन्हाने नायलॉन हळूहळू कमजोर होतं, म्हणून सावलीत, वारा लागेल असं दोरीवर टाकलं. कापड पटकन वाळतं हो, पण झिपच्या पट्ट्या आणि दुहेरी शिलाई हाताला दुसऱ्या दिवशीही गारच लागत होती, तिथे ओल राहिली की परत सुरू.

व्हिनेगरचा वास उडाल्यावर टेंट लावला, वरून बादलीभर पाणी ओतलं. दाराजवळच्या एका शिलाईतून थेंब आला. तेवढ्याला सीम सीलर (शिलाईची भोकं बुजवणारं द्रव) लावलंय, आता ते सुकलं की परत एक बादली ओतून बघणार.