साठ हजार गाण्यांचे कागद आणि आमचे बाबा

बेस सॅक्सोफोन नावाचं वाद्य बघितलंय का कधी? साधा सॅक्सोफोन गळ्यात अडकवून वाजवतात, हा त्याचा थोरला भाऊ, एवढा अवजड की बहुतेक जण स्टँडवर ठेवूनच वाजवतात आणि त्याचा खालचा सूर कानापेक्षा पोटातच जास्त कळतो. न्यूयॉर्कमध्ये विन्स जॉर्डानो म्हणून एक गृहस्थ आहेत, ब्रुकलिनचे, जन्म १९५२चा, ते हा वाजवतात, शिवाय ट्युबा म्हणजे मोठा पितळी भोंगा, शिवाय उभा डबल बेस म्हणजे माणसाएवढं तंतुवाद्य, तोही लाकडाचा नाही तर चक्क ॲल्युमिनियमचा, आणि हे सगळं एकाच संध्याकाळी आलटूनपालटून, मध्येच गातात पण आणि गाणं संपलं की माईकवर येऊन ते कोणी लिहिलं, कधी रेकॉर्ड झालं तेही सांगतात. त्यांच्या बँडचं नाव नाईटहॉक्स. ११ जणांचा बँड, १९७६ पासून चालू आहे, आणि वाजवतात फक्त १९२० आणि ३०च्या दशकातलं, म्हणजे सुरुवातीचा जॅझ, त्या काळचं डान्स म्युझिक आणि मग स्विंग.

मी ऐकायला लागले ते कोविडच्या आधी, तेव्हा ते ५४व्या स्ट्रीटवर इग्वाना नावाच्या मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये सोमवार-मंगळवार वाजवायचे. त्याआधी कित्येक वर्षं हॉटेल एडिसनमध्ये. कल्पना करा, बाहेर टाइम्स स्क्वेअरची जत्रा, आत लोक टाको खातायत आणि समोर टक्सिडो घातलेली ११ माणसं १९२७ सालचं काहीतरी वाजवतायत. आणि कोणी हाताची घडी घालून गंभीर चेहऱ्याने बसलंय असं अजिबात नाही, बँडसमोर जागा मोकळी ठेवलेली, तिथे विशीतली मुलं आणि ऐंशीतल्या आज्या एकत्र नाचतायत. मला सगळ्यात आवडलं ते हेच. हे संगीत नाचायलाच लिहिलेलं होतं, त्यामुळे समोर पाय हलत नसतील तर ते अर्धंच राहतं असं माझं आपलं मत.

आता हे बेस सॅक्सोफोन आणि ट्युबा प्रकरण कशासाठी? १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हते, एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्याने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरली जायची. त्यात डबल बेसचा मऊ आवाज नीट पोचायचा नाही, म्हणून खालचे सूर फुंकायच्या वाद्यांकडे गेले. गिटारच्या जागी बँजो, तोही तसाच, खणखणीत म्हणून. मग मायक्रोफोन आले, पुढच्या काही वर्षांत ट्युबा गेला डबल बेस आला, बँजो गेला गिटार आली, आणि दोन ठोक्यांवर उड्या मारणारी चाल चार सलग ठोक्यांवर धावायला लागली, तोच पुढे स्विंग. हे वाचायला रुक्ष वाटतं पण नाईटहॉक्सच्या कार्यक्रमात ते डोळ्यांसमोर घडतं, विन्स ट्युबा खाली ठेवून तो चकचकीत ॲल्युमिनियमचा बेस हातात घेतात आणि तेवढ्यात आपण पाचसात वर्षं पुढे आलेले असतो. जुन्या गाण्याखाली आजचा ड्रम बीट टाकून रेट्रो म्हणून विकणारे बँड पुष्कळ आहेत, तेही चालतं पार्टीला, पण त्यात हे कळत नाही.

आणि खरा खजिना कागदांचा आहे. विन्सच्या ब्रुकलिनच्या घरात ६० हजारांहून जास्त अरेंजमेंट्स आहेत, म्हणजे प्रत्येक वाद्याने काय वाजवायचं ते लिहिलेले पार्ट्स, कपाटांच्या कपाटं भरून. लहानपणी आजीच्या घरी चावीचा ग्रामोफोन होता तिथून हे वेड लागलं. पुढे कॉलेजच्याही वयाचे नव्हते तेव्हा थेट बिल चॅलिसकडे शिकायला गेले, हे चॅलिस म्हणजे २०च्या दशकात जीन गोल्डकेट आणि पॉल व्हाइटमनच्या ऑर्केस्ट्रांसाठी अरेंजमेंट लिहिणारा माणूस. ज्याने लिहिलं त्याच्याकडूनच शिकायला मिळालं, सरळ गुरुशिष्य परंपराच म्हणा ना. एखाद्या गाण्याचा कागद मिळालाच नाही तर जुनी ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून खरखरीतून एकेक वाद्य कानाने वेगळं काढायचं आणि लिहून घ्यायचं. तीन मिनिटांच्या गाण्यासाठी एवढा कुटाणा!

एक गोष्ट मात्र मला इथल्या जुन्या काळाच्या कौतुकात नेहमी खटकते. मोत्यांच्या माळा, पिसांच्या टोप्या घालून लोक येतात, मजा येते, मीही घातलीय, पण ड्यूक एलिंग्टन या ब्लॅक संगीतकाराचा बँड १९२७ पासून न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या ज्या कॉटन क्लबमध्ये वाजवत होता तिथे ब्लॅक माणसाला स्टेजवर जागा होती, समोरच्या टेबलावर नाही. फ्लेचर हेंडरसन या ब्लॅक बँडलीडरच्या अरेंजमेंट्स बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाने विकत घेतल्या, वाजवल्या आणि स्विंगचा राजा गुडमन ठरला. १९२६ला उघडलेला सॅव्हॉय बॉलरूम वेगळा, तिथे सगळे एकत्र नाचायचे, लिंडी हॉप हा जोडीने करायचा नाच तिथेच वाढला. तिथला जबरदस्त नाचणारा फ्रँकी मॅनिंग, जोडीदारणीला हवेत फेकायची स्टेप ज्याने आणली तो, पुढे कित्येक वर्षं पोस्टात नोकरी करत होता आणि ८०च्या दशकात तरुण पोरांनी त्याला शोधून काढून पुन्हा शिकवायला लावलं. विन्स स्टेजवरून हेंडरसनचं नाव घेतात, कोणी काय लिहिलं ते सांगतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल जास्त आदर आहे.

बाबा इथे आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेले. बाबा दादरचे, वसंतराव आणि भीमसेनजी सोडून बाकी सगळं 'ठीक आहे' या खात्यात. पहिली दोन गाणी हाताची घडी. तिसऱ्याला ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेटच्या तोंडाला म्यूट, म्हणजे आवाज बदलणारं बूच, लावून वाँ-वाँ सुरू केलं आणि बाबा एकदम म्हणाले, "अगं, हे तर अण्णा चितळकर!"

म्हणजे आपले संगीतकार सी. रामचंद्र. म्हटलं बाबा, उलटं आहे, हे आधीचं. तर म्हणाले, "मला माहितीये गं, पण आमच्या कानावर त्यांच्यामुळेच पडलं ना." ते खरंच आहे. १९३५ला लिओन ॲबी हा अमेरिकन ब्लॅक बँडलीडर आपला जॅझ बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, मग क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड, आणि या मंडळींच्या संगतीत आपले गोव्याचे वादक तयार झाले. नोटेशन त्यांना आधीच यायचं, गावच्या चर्चच्या शाळेत शिकलेले. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवायचा, लोक त्याला अमेरिकेच्या प्रसिद्ध ट्रम्पेटवादकावरून हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे, आणि तोच सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा, १९५१च्या 'अलबेला'मध्ये तर पडद्यावरसुद्धा दिसतो. फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, हिंदी सिनेमासाठी पानंच्या पानं पार्ट्स लिहिणारी ही माणसं. त्यांचे कागद असे कपाटं भरून सांभाळणारा एखादा वेडा विन्स गिरगावात किंवा म्हापशात निघायला हवा होता असं बाबा परतीच्या ट्रेनमध्ये मला सांगत बसले, अगदी तावातावाने, जसं काही मीच रद्दीत घातलेत.

दुसऱ्या दिवशी म्हणाले आर्मस्ट्राँगचं घर कुठेय, बघूया. आम्ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले, ७ नंबरच्या ट्रेनवर राहतो, आणि तो राहायचा याच लाइनवर कोरोना नावाच्या वस्तीत, १९४३ पासून १९७१ला जाईपर्यंत. एवढा जगप्रसिद्ध माणूस आणि साध्या वस्तीतलं साधं विटांचं घर. २०च्या दशकातला कॉर्नेटवादक बिक्स बायडरबेक पण ह्याच लाइनवर सनीसाइडला वारला, १९३१ला, जेमतेम २८ वर्षांचा. तुम्ही आलात तर १०३ स्ट्रीट कोरोना प्लाझाला उतरा, तिथून घर चालत. आतून गाइडबरोबरच बघता येतं, तिकीट आधी काढलेलं बरं. बाबांना रेकॉर्ड्स वगैरेपेक्षा त्याचं निळं स्वयंपाकघरच जास्त आवडलं. नंतर त्याच ट्रेनने शेवटच्या स्टेशनला, फ्लशिंगला जायचं, थोडं चाललं की गणपतीचं देऊळ, खाली कँटीन आहे, डोसा उत्तम मिळतो. नाईटहॉक्स सध्या कुठे वाजवतायत ते मात्र त्यांच्या वेबसाइटवर बघून घ्या, जागा बदलत असते.